टांझानियाला जायचं, पण कोणत्या पदावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र पश्चिम महाराष्ट्रातून आलं आहे. वय ३३, बी.ई. सिव्हिल, नऊ वर्षांचा अनुभव, त्यातली सहा वर्षं नळपाणी योजनांवर. सध्या एका ठेकेदार कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर आहेत. हातात ८२ हजार पडतात, त्यातून फ्लॅटचा हप्ता ३१ हजार जातो. एका भारतीय कंपनीने टांझानियातल्या एका मध्यम शहराच्या पाणीयोजनेवर महिना २,२०० डॉलरची नोकरी देऊ केली आहे. राहणं-जेवण कंपनीचं. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत होती, त्यातले तीन पत्र लिहिताना संपले होते. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत, वडिलांना मधुमेह. ते लिहितात: "तीन वर्षं आफ्रिकेत काढायची, कर्ज फेडायचं आणि परत यायचं, असा विचार आहे. घरचे म्हणतात, तिकडे जिवाला धोका. आमचे साहेब म्हणतात, एकदा आफ्रिकेत गेलास की करिअर संपलं, परत आल्यावर इथे कोणी विचारत नाही. मला वाटतं, तिकडे आपल्यासारखे अनुभवी इंजिनिअर नसतात, त्यामुळे मान मिळेल आणि काम सोपं जाईल. जाऊ का?"

उत्तर

तुमच्या मूळ पत्रात 'आफ्रिका' हा शब्द सात वेळा आला आहे, 'टांझानिया' एकदा, आणि तिथे तुम्ही कोणत्या पदावर काम करणार हे एकदाही आलेलं नाही. सोबत जोडलेलं ऑफर लेटरही वाचलं. त्यात पदाच्या जागी 'इंजिनिअर (सिव्हिल)' आणि कामाच्या जागी 'कंपनी वेळोवेळी सांगेल ते' एवढंच आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या कोऱ्या जागेत आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

एका पाणीयोजनेवर कंपनीचे दहा-बारा इंजिनिअर असतात. कोणी पाइप टाकण्याच्या टोळ्या सांभाळतं, कोणी शुद्धीकरण केंद्राचं काँक्रीट बघतं. कोणी प्लॅनिंगला असतं, कोणी मोजमापं आणि आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायची) करतं, कोणी सल्लागाराशी, म्हणजे मालकाच्या वतीने काम तपासणाऱ्या कंपनीशी, पत्रव्यवहार बघतं. तीन वर्षांनी यातला प्रत्येक जण 'टांझानियात काम केलं' असंच सांगणार. पण पाइपलाइनच्या टोळ्या सांभाळणाऱ्याच्या हाती तुमच्या आजच्या अनुभवात नसलेलं फारसं काही आलेलं नसतं, आणि बिलं, दावे (ठेकेदाराने जादा वेळ किंवा पैसे मागणं), प्लॅनिंग यांत बसलेल्याची किंमत दुपटीने वाढलेली असते. तुमचे साहेब म्हणतात ते पहिल्या माणसाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे.

आता पैसे. २,२०० डॉलर हातात पडणार की त्यातून कापून जाणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नाही. डॉलरला २,५०० टांझानियन शिलिंग धरले तर हे ५५ लाख शिलिंग झाले. (लाखाला स्वाहिलीत 'लाकी' म्हणतात, त्यामुळे हिशेब ऐकताना परकं वाटणार नाही.) टांझानियात पगारावरचा कर महिन्याच्या दहा लाख शिलिंगांपर्यंत १ लाख २८ हजार होतो आणि त्यावरच्या रकमेवर सरसकट ३० टक्के. शिवाय सामाजिक सुरक्षा निधीचा हप्ता पगाराच्या २० टक्के असतो, त्यातला निम्मा सहसा कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो. म्हणजे ५५ लाखांतून साडेपाच लाख निधीला आणि साधारण १३ लाख कराला. उरले ३६ लाखांच्या थोडे वर, म्हणजे १,४५० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर पहिल्या अर्थाने महिना १ लाख ८७ हजार मिळतात, दुसऱ्या अर्थाने १ लाख २३ हजार. फरक तुमच्या घराच्या दोन हप्त्यांएवढा आहे, आणि तो एका शब्दावर अवलंबून आहे. कर आणि निधी दोन्ही कंपनी भरणार असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. निधीचे पैसे देश सोडताना परत मिळतात का, कोणत्या अर्जाने, हेही त्याच पत्रात विचारा.

काही कंपन्या पगाराचे दोन भाग करतात: थोडा शिलिंगांत तिथे, मोठा भाग भारतातल्या खात्यात. ऐकायला सोयीचं वाटतं, पण यात दोन भानगडी आहेत. तिथल्या सरकारला दाखवलेला पगार कमी असेल तर परवान्याच्या तपासणीत तुम्हीही अडकता. आणि भारतातल्या खात्यात थेट जमा होणारा पगार 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून इथे करपात्र धरला जाऊ शकतो, तुम्ही अनिवासी असलात तरी. म्हणून पगार आधी तिथल्या बँकेत घ्यायचा आणि मग इथल्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयाची परदेशी कमाई ठेवण्याच्या खात्यात) पाठवायचा, हा सरळ मार्ग. निघण्यापूर्वी एखाद्या चांगल्या सीएबरोबर एक तास बसा. त्या तासाची फी वसूल होते.

अनिवासी ठरण्याचं गणित मात्र स्वतः करून ठेवा. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असावा लागतो. १ एप्रिलपासून मोजलं आणि निघण्याचा दिवसही धरला, तर २८ सप्टेंबरला निघणाऱ्याचे १८१ दिवस भरतात आणि २९ सप्टेंबरला निघणाऱ्याचे १८२. एका दिवसाने वर्षभराचं परदेशी उत्पन्न इथल्या कराच्या कक्षेत येऊ शकतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लग्नाला म्हणून दहा दिवस आलात तर तेही मोजले जातात. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघालेलं बरं. निघाल्यावर इथलं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. परकीय चलनाच्या फेमा कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि बहुतेक जण ते वर्षानुवर्षं विसरतात. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

तुम्ही लिहिता, तिकडे अनुभवी इंजिनिअर नसतात. हा समज घेऊन विमानात बसू नका, पहिल्याच बैठकीत तो तुम्हाला तोंडघशी पाडेल. टांझानियात अभियंत्यांच्या नोंदणीचं स्वतंत्र मंडळ आहे. पदवीनंतर तिथल्या मुलांना तीन वर्षं देखरेखीखाली काम करून मगच व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी मिळते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. तुम्हालाही तिथे अभियंता म्हणून सही करायची असेल तर त्या मंडळाकडे तात्पुरती नोंदणी घ्यावी लागेल. समोर पाणी प्राधिकरणाचा जो तिशीतला इंजिनिअर बसेल, त्याने बहुधा दार-ए-सलामच्या विद्यापीठातून पदवी घेतलेली असेल, आणि जागतिक बँकेच्या एखाद्या कामाची कागदपत्रं त्याने तुमच्याहून जास्त वाचलेली असतील. मग भारतीयांना का नेतात? कारण बरीचशी कामं भारत सरकारच्या कर्जातून चालतात, आणि त्या कर्जाच्या अटीनुसार साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून न्याव्या लागतात. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी न्झेगा, इगुंगा आणि टबोरापर्यंत नेणारी वाहिनी अशाच २६ कोटी ८३ लाख डॉलरच्या कर्जातून झाली. पुढे २०१८ मध्ये ५० कोटी डॉलरचं कर्ज ठरलं, त्यातून वीसहून अधिक शहरांच्या योजना हाती घेतल्या गेल्या. तुमचं काम त्याच पठडीतलं दिसतं. तिथल्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: परदेशी माणसाचा कामाचा परवाना मागताना कंपनीला लिहून द्यावं लागतं की हे ज्ञान स्थानिक माणसाकडे कसं सोपवणार. म्हणजे तुमच्या हाताखालच्या स्थानिक इंजिनिअरला शिकवणं हा तुमच्या परवान्याचाच भाग आहे. ते मनापासून केलंत तर मान आपोआप मिळेल.

परवान्याचंही सांगतो, कारण सर्वात जास्त माणसं तिथेच अडकतात. लागतात दोन कागद, कामाचा परवाना आणि राहण्याचा परवाना. कामाचा परवाना दोन वर्षांचा असतो, नूतनीकरण धरून एकूण पाच वर्षांपर्यंत. घाईत असलेली कंपनी म्हणते, "आत्ता ९० दिवसांच्या बिझनेस व्हिसावर या, परवाना मागून होईल." बिझनेस व्हिसावर साइटवर उभं राहून काम करणं बेकायदा आहे, आणि तपासणी आली की दंड आणि हद्दपारी कंपनीबरोबर तुमच्याही वाट्याला येते. परवाना हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, एवढं पक्कं करा. पदवीचे कागद मंत्रालयातून आणि परराष्ट्र खात्यातून साक्षांकित करून घ्यायला काही आठवडे जातात, ते आजच सुरू करा. पासपोर्ट परवान्याच्या कामापुरता द्यावा लागला तर पोचपावती घ्या आणि काम झालं की परत मागा. 'सेफ कस्टडी'च्या नावाखाली तो कंपनीच्या कपाटात राहू देऊ नका. कोरा चेक किंवा बाँड मागितला तर तिथेच थांबा. मधला एजंट असेल तर त्याची ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. ते सोपं जाणार नाही, पण ओळखीचं वाटेल. मातीपासूनच पाहा. तिथल्या कच्च्या रस्त्यांना इंग्रजीत सर्रास 'मरम रोड' म्हणतात, तो आपला मुरूमच. आपली काळी कापसाची माती तिथेही सखल भागात भेटते, टांझानियात तिला 'म्बुगा' म्हणतात. सोलापूर-लातूरकडे काम केलेल्या माणसाला ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते हे सांगावं लागत नाही. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. रस्त्याच्या कामाला तिथे जमीन तपासण्याचं डीसीपी हे साधन सतत वापरतात: ८ किलोचा हातोडा, ५७५ मिलिमीटर उंचीवरून पडणारा, खाली २० मिलिमीटर व्यासाचा शंकू. प्रत्येक फटक्याला शंकू किती मिलिमीटर आत गेला यावरून जमिनीची ताकद काढतात. तुमचं काम पाण्याचं असलं तरी शहरातले रस्ते खोदून पूर्ववत करून द्यायचे असतात, आणि रस्ता खचला म्हणून अंतिम बिल अडणं ही नेहमीची तक्रार आहे. मानकंही बदलतील. काँक्रीटसाठी आपल्या आयएस ४५६ ऐवजी ब्रिटिश किंवा युरोपीय संहिता असतील. तिथल्या नकाशावर काँक्रीटची प्रत सी २०/२५ दिसली तर गोंधळू नका. पहिला आकडा सिलिंडरच्या नमुन्याच्या ताकदीचा, दुसरा क्यूबच्या, म्हणजे ती आपल्या एम २५ च्या जागी आहे. यात घोळ झाला की मिक्स डिझाइन चुकतं आणि महिन्याने क्यूब फुटतात.

पाऊस विचारून घ्या, कारण देशभर तो एकसारखा नाही. किनाऱ्याला आणि उत्तरेला दोन पावसाळे: मार्च ते मे 'मसिका', ऑक्टोबर ते डिसेंबर 'वुली'. मध्य आणि पश्चिम भागात, म्हणजे डोडोमा-टबोराकडे, नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल असा एकच. इथल्या जून-सप्टेंबरच्या सवयीने कार्यक्रम आखला तर खोदाईचे सगळ्यात चांगले कोरडे महिने तयारीत जातात आणि ऐन पावसात चर उघडे पडतात.

उघड्या चरात पाणी भरलं की काय होतं, याचं गणित एकदा मांडून बघा. ६०० मिलिमीटरचा डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप, बाहेरचा व्यास ६३५. मीटरभर पाइप पूर्ण बुडाला तर ३१७ किलो पाणी बाजूला सारतो. अस्तरासह त्याचं स्वतःचं वजन मात्र मीटरला दोनशे किलोंच्या आतच. रिकामा असेल तर तो तरंगणार. रात्रीच्या एका सरीत शंभर मीटर लाइन वर येते, सांधे निखळतात, रबर रिंगा सुटतात, चिखल आत जातो. आणि सकाळी सल्लागाराचा माणूस फोटो काढून घेतो. उपाय साधा आहे: दिवसभरात जेवढं टाकाल तेवढ्याला संध्याकाळपर्यंत सांधे उघडे ठेवून मधल्या भागावर भराव घालायचा, टोकाला बूच लावायचं आणि चर एका वेळी लांबलचक उघडायचा नाही. हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, गळणारा सांधाही बहुतेक वेळा एकाच कारणाने गळतो: रिंग बसवताना खाचेत वाळूचा कण राहिलेला असतो. खाच फडक्याने पुसणं, रिंग हाताने फिरवून बसली का बघणं, वंगण फक्त रिंगच्या उघड्या अंगाला आणि पाइपच्या टोकाला लावणं, टोकावरच्या खुणेपर्यंतच पाइप आत ढकलणं, या चार गोष्टी टोळीच्या म्होरक्याकडून रोज करून घेतल्या की पुढचे पंधरा दिवस वाचतात. वळणांवरचे थ्रस्ट ब्लॉक (दाबाचा धक्का झेलणारे काँक्रीटचे ठोकळे) पुरते पक्के झाल्याशिवाय दाब द्यायचा नाही. पाणी सावकाश भरायचं, एअर व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण निघू द्यायची, आणि सिमेंटचं अस्तर पाणी शोषतं म्हणून चोवीस तास तसंच ठेवून मगच दाब चढवायचा.

एवढं तुम्हाला बहुधा येत असेल. तुमच्या आजच्या अनुभवात नसण्याची शक्यता आहे ती कागदाची सवय. अशी आंतरराष्ट्रीय कामं बहुधा फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नमुना करारांवर किंवा त्यांच्या धर्तीवरच्या करारांवर चालतात. भारतात जायका (जपान सरकारची मदत संस्था) किंवा आशियाई विकास बँकेच्या पैशातली मोठी कामंही बरीचशी तशीच. तुमचे साहेब 'इथे कोणी विचारत नाही' म्हणतात, ते या कामांकडे न बघता म्हणतात. समजा, चेनेज १२+३४० ला (१२ किलोमीटर ३४० मीटरवर) खोदताना नकाशात नसलेली फायबरची केबल लागली आणि टेलिफोन कंपनीने नऊ दिवस काम थांबवलं. आपल्याकडे साहेबांना फोन होतो आणि तोंडी तोडगा निघतो. तिथे त्याच संध्याकाळच्या दैनंदिन नोंदीत लिहावं लागतं की काम किती वाजता थांबलं, कोणती यंत्रं आणि किती माणसं रिकामी बसली, हवामान काय होतं, फोटो कोणत्या क्रमांकाचे. त्यावर सल्लागाराच्या माणसाची सही घ्यायची. मग घटना कळल्यापासून २८ दिवसांत दाव्याची नोटीस. फिडिकच्या बांधकामाच्या नमुना कराराला रेड बुक म्हणतात; त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत हे कलम २०.१ मध्ये आहे, आणि मुदत चुकली की मुदतवाढ आणि पैसे दोन्हींवरचा हक्क जातो. सविस्तर दावा ४२ दिवसांत. २०१७ च्या आवृत्तीत तो ८४ दिवसांत करता येतो, नोटिशीचे २८ दिवस मात्र तेच. ठेकेदारांचं नुकसान होतं ते बहुधा पाइप टाकण्यात नव्हे, या नोटिशी न दिल्याने. म्हणून ही नोटीस ज्याला नीट लिहिता येते त्याला मागणी असते, टांझानियात, केनियात आणि मुंबईतही. निघण्यापूर्वी रेड बुकातली पाच कलमं दोनदा वाचा: ४.१२ अनपेक्षित भौतिक परिस्थिती, ८.४ मुदतवाढ, १३ बदल, १४ देयकं, २० दावे. कंपनीकडे कराराच्या विशेष अटींची प्रत मागा, कारण मूळ कलमं तिथेच बदललेली असतात.

त्याच १४ व्या कलमाचा तुमच्या घराच्या हप्त्याशीही संबंध आहे. बिल सादर झाल्यापासून पैसे द्यायला मालकाला (काम देणाऱ्या प्राधिकरणाला) ५६ दिवस असतात, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. कंपनीचा पैसा अडकला की साइटचा पगार लांबतो. म्हणून निघताना सहा हप्त्यांची रक्कम, म्हणजे १ लाख ८६ हजार, वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय जाऊ नका. तेवढी आज जमत नसेल तर तीन महिने थांबा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. या शहरांत पुढची वीस वर्षं खरी गरज पाणी वाटण्याच्या आणि मोजण्याच्या कामाची असणार आहे. दार-ए-सलामला पाणी देणारं अपर रुवू केंद्र भारताच्याच कर्जातून दिवसाला ८२ दशलक्ष लिटरवरून १९६ दशलक्ष लिटरवर नेलं गेलं. पण केंद्र दुप्पट झालं म्हणजे शहराच्या कडेच्या वस्तीत नळ आला असं होत नाही. मधल्या जाळ्यात गळती असते, मीटर बंद असतात, नकाशे नसतात. पावसाच्या पाण्याचंही तसंच. तिथल्या जलद बससेवेचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला, पण तिचं जांगवानीचं आगार म्सिंबाझी नदीच्या पूरपट्ट्यात बांधल्यामुळे ते वारंवार पाण्याखाली गेलं. पुढे त्या खोऱ्यासाठी जागतिक बँकेने २०२२ मध्ये २० कोटी डॉलर मंजूर केले. गळती शोधणं, जाळ्याचे विभाग पाडून प्रत्येकावर मीटर लावणं, दाब नियंत्रित करणं, पुराचं पाणी वळवणं, यातलं एक तरी अंग तुमचं झालं पाहिजे. इपानेट (पाण्याच्या जाळ्याचं गणित मांडणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. साइटवर संध्याकाळी इंटरनेट असेल तर रोज तासभर त्यावर द्या, आणि तुमच्याच योजनेचं जाळं त्यात मांडा. परत आल्यावर हे कौशल्य वाया जात नाही. कराडजवळच्या मलकापूरने आणि नागपूरने चोवीस तास पाण्याची वाट धरली तेव्हा तिथे याच गोष्टींची गरज पडली.

घरच्यांची भीती खोटी नाही, फक्त तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. साइटवरच्या माणसाला खरा धोका रस्त्यावरच्या प्रवासाचा आणि मलेरियाचा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, त्यामुळे गाफीलपणा येतो. अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी काढायची नाही, हा नियम स्वतःला आणि ड्रायव्हरला लावून घ्या. मलेरिया तिथे बहुतांशी फाल्सिपेरमचा, जो दोन दिवसांत जिवावर उठू शकतो. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणी. सुट्टीवर गावी आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर फॅमिली डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी टांझानियातून आलो आहे. इथे त्यांच्या मनात आधी डेंग्यू येतो आणि वेळ जातो. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. पुढे तो आयुष्यभर चालतो. तो नसेल तर पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून किंवा त्यामार्गे भारतात येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कंपनीच्या विम्यात मोठ्या शहराच्या रुग्णालयापर्यंत विमानाने नेण्याचा खर्च आहे का, हे विचारा.

पत्नीने पहिल्या वर्षी नोकरी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साइटच्या शहरात भारतीय अभ्यासक्रमाची शाळा मिळणं कठीण, ती दार-ए-सलाममध्ये मिळते, आणि तुमची साइट दार-ए-सलाममध्ये नाही. वर्षाची परिस्थिती बघून दोघांनी मिळून ठरवा. सुट्टी किती महिन्यांनी, किती दिवसांची, तिकीट कोणाचं, आणि वडिलांची तब्येत बिघडली तर मध्येच येता येईल का, हे लेखी घ्या. वडिलांच्या आणि फ्लॅटच्या कामांसाठी पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवून ठेवा. भारतातलं सिमकार्ड आंतरराष्ट्रीय रोमिंगसह चालू ठेवा, नाही तर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि हप्ता भरायला निघालेला माणूस परदेशात हात चोळत बसतो.

निघण्याआधी थोडी स्वाहिली शिका. काही शब्द तुम्हाला आधीच येतात: गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसा, बिमा म्हणजे विमा. वडीलधाऱ्या माणसाला भेटल्यावर 'शिकामो' म्हणतात, आणि तो 'मराहबा' म्हणून उत्तर देतो. नवख्या माणसाने हे न चुकता केलं की त्या दिवसापासून 'फुंडी', म्हणजे कारागीर, त्याला चुका लपवायच्या सोडून दाखवू लागतात.

जावं, असं मला वाटतं, पण या ऑफर लेटरवर नाही. तुमच्या हातात अजून बारा दिवस आहेत. आजच कंपनीला मेल करा आणि चार गोष्टी मागा. पद 'प्लॅनिंग व काँट्रॅक्ट्स इंजिनिअर' असं लिहावं, किंवा निदान पहिल्या वर्षानंतर त्या कामावर बदली देण्याचं लेखी आश्वासन द्यावं. पगार कर आणि निधी वजा जाता २,२०० डॉलर आहे का, ते स्पष्ट करावं. कामाचा आणि राहण्याचा परवाना मिळाल्यावरच प्रवास, आणि त्याचा व अभियंता मंडळाच्या नोंदणीचा खर्च कंपनीचा. अकरा महिन्यांनी तीस दिवसांची सुट्टी तिकिटासह, आणि घरच्या आजारपणात मध्ये एकदा येण्याची मुभा. पदाची आणि परवान्याची मागणी मान्य झाली तर उरलेल्या दोनांत थोडी घासाघीस चालेल. ती दोन नाकारली तर ही नोकरी सोडा, आणि पुढचं वर्ष सध्याच्या कंपनीतच बिलं आणि दाव्यांचं काम मागून घ्या. ते एक वर्ष हाताशी आलं की सल्लागार कंपन्यांच्या दारात उभं राहता येईल, आणि त्यांच्या कामात पदाचं नाव करारातच छापलेलं असतं. मेलची प्रत पत्नीलाही पाठवा. सातव्या दिवसापर्यंत उत्तर फोनवरच येत राहिलं तर 'हेच मेलवर कळवा' एवढं एकदा सांगा, आणि दहाव्या दिवशी जे लेखी हातात असेल तेवढंच धरून निर्णय कळवा.